अकरा आणि बाराची नाडी

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या एका फील्ड हॉस्पिटलला झाली. मी लष्करात रेडिओग्राफर होतो, हुद्दा हवालदार. आता मुलुंडच्या एका सेंटरमध्ये सीटी मशीन चालवतो. आमच्या सोसायटीत सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मला दोन शब्द बोलायला लावतात. सेक्रेटरी माझी ओळख "सीमेवर छाती पुढे करून उभे राहिलेले" अशी करून देतात. मी सीमेवर इतरांच्या छातीचे एक्स-रे काढले. हे मी दर वर्षी सांगतो आणि लोक त्याला विनय समजून टाळ्या वाजवतात. यंदा एका बाईंनी विचारलं, तुमच्या डोळ्यांसमोर कुणी गेलं का? तेवढ्यात चहा आला आणि उत्तर राहून गेलं. ते इथे लिहितो.

आमचं हॉस्पिटल वीस खाटांचं. एक सर्जन, एक मेडिकल ऑफिसर, चार नर्सिंग असिस्टंट आणि माझं पोर्टेबल एक्स-रे मशीन. सीटी नव्हतं. ते बेस हॉस्पिटलला, हेलिकॉप्टरने तासाभरावर, रस्त्याने सात तासांवर. येणारे पेशंट बहुतेक फुप्फुसाचे, हिमदंशाचे आणि व्हॉलीबॉलचे. युद्ध कुणी पाहिलं नाही. व्हॉलीबॉल मात्र सगळ्यांनी पाहिलं.

ऑक्टोबरमध्ये जनरलसाहेबांची भेट ठरली. आठवडाभर दगडांना गेरू आणि चुना लागत होता. ज्या वाटेवरून साहेब जाणार नव्हते, तिथल्या दगडांनाही लागला. माझ्या मशीनला मेण लावून चमकवण्याचा हुकूम झाला. मी चमकवलं. आमचे सुभेदार चौहान वॉर्डाचे प्रमुख. त्यांनी खाटांच्या पायांना दोरी धरून रांग सरळ केली. माणूस प्रामाणिक होता आणि दोरीवर त्याचा विश्वास होता.

भेटीच्या दिवशी सकाळी ७.२० ला नायक हुद्द्याचा मिलिंद तांबे ट्रकच्या मागच्या फळीवरून उतरताना घसरला. डावा पाय फळी आणि दगडाच्या मध्ये अडकला, अंग पुढे गेलं आणि गुडघा उलट्या दिशेला वाकला. त्याने स्वतःच पाय ओढून सरळ केला. आठ वाजता तो माझ्या टेबलावर होता.

फॉर्मवरचा पत्ता वाचून मी मराठीत बोललो. गोवंडीचा म्हणजे डंपिंग ग्राउंडजवळचा ना, असं विचारलं.

"डंपिंग देवनारचं," तो म्हणाला. "आम्ही गोवंडीचे. तुम्ही कुठले, हवालदारसाहेब?"

मी घाटकोपर सांगितलं. त्यानंतर तो "तुम्ही" म्हणाला नाही.

मी समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढले. हाडं जागेवर होती. नडगीच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी कपची निघालेली दिसली. बाकी गुडघा पुस्तकातल्यासारखा. मिलिंदनेही फोटो पाहिला आणि आता सोड म्हणाला.

आमचे सर्जन रजेवर होते. मेडिकल ऑफिसर कॅप्टन नायर, वय सत्तावीस. त्यांनी ती कपची पाहिली आणि गुडघा पूर्ण निखळून परत बसला असावा असं म्हणाल्या. मग मला एक गोष्ट समजावली. ती मी आजही नव्या टेक्निशियनना सांगतो.

गुडघ्याच्या मागे जो खोलगट भाग असतो, त्याला आपण लवण म्हणतो. ती पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेच्या आकाराची असते. त्वचेखाली चरबी, मग मज्जातंतू, त्याखाली शीर आणि सगळ्यात खोल, हाडाला जवळजवळ चिकटून, पायाची मुख्य धमनी. ही धमनी वर मांडीच्या स्नायूतून बाहेर पडते तिथे जखडलेली असते, आणि खाली पोटरीच्या स्नायूखाली शिरते तिथेही. मधल्या भागात तिला सरकायला जागा नाही. गुडघा निखळला की ती ताणली जाते. कधी तुटते. कधी बाहेरून धड राहते आणि फक्त आतलं अस्तर फाटतं. अशा वेळी रक्त वाहत राहतं, पावलात नाडी लागते, आणि काही तासांनी त्या फाटलेल्या अस्तरावर गुठळी धरून सगळं बंद होतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, धमनी दिसत नाही. आमच्याकडे ती बघायचं एकच साधन होतं, बोट.

कॅप्टन नायर यांनी मिलिंदच्या पावलावर नाडी शोधली आणि तिथे बॉलपेनने फुली मारली. दर तासाला दोन्ही पावलांची नाडी बघायची आणि चार्टवर लिहायची. गेली तर त्या क्षणी सांगायचं, कारण तिथून पुढे पाय वाचवायला साधारण सहा तास असतात. हेलिकॉप्टर त्यांनी लगेच मागितलं होतं. उत्तर आलं, आजची उड्डाणं भेटीसाठी राखीव आहेत, उद्या सकाळी पहिलं. चारपैकी तीन नर्सिंग असिस्टंट स्वागताच्या रांगेत उभे करायचे होते. माझं मशीन चमकून झालं होतं, म्हणून नाडीचं काम माझ्याकडे आलं.

९.०० ला नाडी होती. १०.०० ला होती. मी स्वतः बोट ठेवून पाहिली.

१०.३० ला सुभेदारांनी वॉर्ड "तयार" केला. पांघरुणं लिफाफ्यासारखी घडी घालून गादीखाली खोचली, पावलांवर ताणून, सुरकुती न ठेवता. भेट अकराची होती. मला म्हणाले, साहेब जाईपर्यंत कुणी पांघरुणाला हात लावायचा नाही. मी नाडीचं सांगितलं. ते म्हणाले, अकराला साहेब येतात, सव्वाअकराला जातात, सव्वाअकराला बघ. हे मला वाजवी वाटलं. कॅप्टन नायर तेव्हा हेलिपॅडवर, रांगेत तिसऱ्या होत्या.

अकराला साहेब आले नाहीत. चार्ट खाटेच्या पायथ्याशी टांगलेला होता आणि जनरलसाहेब चार्ट वाचतात अशी त्यांची ख्याती होती. अकराचा रकाना रिकामा होता. मी त्यात "प्रेझेंट" लिहिलं. पांघरूण जसंच्या तसं होतं.

पावणेबाराला मी खाटेशी गेलो आणि कसं वाटतंय ते विचारलं.

"मुंग्या आल्यात रे पायाला," मिलिंद म्हणाला. "झोपलाय बहुतेक. जाऊ दे, तुझा साहेब जाऊ दे, मग बघ."

घट्ट खोचलेल्या पांघरुणात पायाला मुंग्या येणारच, असं मी स्वतःला सांगितलं. बाराला दुसरा रकाना भरला.

जनरलसाहेब १२.४० ला आले. प्रत्येक खाटेशी थांबले. मिलिंदचा चार्ट पाहिला, रकाने मोजल्यासारखी नजर फिरवली आणि कॅप्टन नायर यांना "गुड चार्टिंग" म्हणाले. मग त्याला विचारलं, "कैसे हो, जवान?"

"ठीक हूँ, साहब."

लष्करात या प्रश्नाला दुसरं उत्तर शिकवत नाहीत. त्याच्या कपाळावर घाम होता. खोलीत दहा अंश होते.

१.०५ ला साहेब बाहेर पडले आणि मी पांघरूण उपसलं. पाऊल मेणासारखं पांढरं आणि गार होतं. बोट फुलीवर ठेवलं. काही नाही. घोट्यामागे पाहिलं. काही नाही. उजव्या पायाची नाडी ठणठणीत होती. मी त्याला बोटं हलवायला सांगितलं. त्याला वाटलं तो हलवतोय.

मी कॅप्टन नायर यांना हाक मारली. त्यांनी दहा सेकंदांत पाहिलं आणि हेलिपॅडकडे धावत सुटल्या. दुसरं हेलिकॉप्टर मागवायला वेळ नव्हता, दुपारी दोननंतर वारा उड्डाण होऊ देत नसे. समोर एकच हेलिकॉप्टर होतं, जनरलसाहेबांचं. त्यांच्या एडीसीने, म्हणजे दिमतीच्या अधिकाऱ्याने, सरळ नाही म्हटलं. कॅप्टन नायर एडीसीला वळसा घालून साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि तीन वाक्यांत सांगितलं. साहेबांनी हेलिकॉप्टर दिलं आणि स्वतः रस्त्याने निघाले, सात तास. त्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. पांघरुणं खोचा असं ते कधी म्हणाले नव्हते. ते चार्ट वाचत, एवढंच.

१.३० ला हेलिकॉप्टर उडालं. आत मिलिंद, कॅप्टन नायर आणि तो चार्ट.

चार्टप्रमाणे बारा वाजता नाडी होती. म्हणजे बेस हॉस्पिटलचा सर्जन हिशेब करणार, पायाला रक्त नाही त्याला फार तर अडीच तास झाले. त्याला वाटणार, वेळ आहे. आधी सीटी करू, धमनी नीट बघू, मग ठरवू. खरं तर नाडी दहानंतर कुणी पाहिलीच नव्हती. तिथे पोचेपर्यंत साडेचार तास उलटून गेलेले असू शकत होते. माझ्या दोन शब्दांनी त्याचा पाय जाऊ शकत होता. आणि ते दोन शब्द खोटे आहेत हे मला एकट्याला माहीत होतं.

मी वीस मिनिटं एक्स-रे रूममध्ये बसलो. काय विचार केला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती, हा त्यातला मुख्य विचार.

१.५० ला हेलिपॅडच्या रेडिओ सेटवर गेलो. ऑपरेटरला म्हणालो, डॉक्टरसाठी निरोप आहे, मीच बोलतो. ते चॅनेल सगळा सेक्टर ऐकत असे.

"फॉर डॉक्टर ऑन बोर्ड. पल्स एंट्री इलेव्हन हंड्रेड, ट्वेल्व हंड्रेड, फॉल्स. लास्ट कन्फर्म्ड टेन हंड्रेड. ओव्हर."

"से अगेन."

मी पुन्हा म्हटलं, सावकाश.

"हू इज सेंडिंग?"

"हवालदार परब. रेडिओग्राफर. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग पायलट म्हणाला, "पास्ड टू डॉक्टर. आउट."

ऑपरेटर नोंदवहीत काहीतरी लिहीत राहिला. माझ्याकडे पाहिलं नाही.

बेस हॉस्पिटलला सीटीसाठी थांबले नाहीत. मिलिंदला सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं आणि टेबलावरच धमनीत औषध सोडून फोटो घेतला. तो फोटो मी नंतर पाहिला. मांडीतून जाड पांढरी रेघ खाली येते, गुडघ्यामागे येऊन संपते, आणि चार बोटं खाली केसासारखे दोन-तीन धागे पुन्हा दिसतात. मधे काही नाही. दुसऱ्या पायाची शीर काढून तिथे जोडली, पोटरीचे स्नायू चिरून मोकळे केले. रक्त परत गेलं. पण स्नायू आधीच मेलेले होते आणि रक्ताने त्यांचं विष अंगभर नेलं. दुसऱ्या दिवशी पाय मांडीतून काढला. मूत्रपिंडं बंद पडली. चौथ्या दिवशी पहाटे ४.१५ ला नायक मिलिंद तांबे गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मी जे झालं ते सांगितलं. सुभेदार चौहान यांनी न विचारता सांगितलं की पांघरुणाचा हुकूम त्यांचा होता. मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मला सिव्हिअर रेप्रिमांड मिळाली, म्हणजे कागदावर कडक ताशेरे. कॅप्टन नायर मला एकदाच भेटल्या. रेडिओवर सांगितल्यामुळे तासभर वाचला, असं म्हणाल्या. तो पुरला नाही हे त्या म्हणाल्या नाहीत.

रिटायर झाल्यावर मी गोवंडीला गेलो. चौकात मिलिंदचं होर्डिंग होतं. मागे रणगाडा, वर दोन विमानं, "शत्रूशी झुंजताना वीरमरण" अशी अक्षरं. त्याच्या पासपोर्ट फोटोखाली दुसऱ्याच कुणाचं युनिफॉर्ममधलं धड जोडलेलं होतं. खाली नऊ शुभेच्छुक होते, त्यातल्या चौघांचे चेहरे मिलिंदपेक्षा मोठे.

घरी त्याची आई आणि धाकटी बहीण सुजाता. सुजाता उपनगरातल्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आईला कमी ऐकू येतं. मी सुजाताला गॅलरीत सगळं सांगितलं, वेळांसकट. तिने मधे अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "आमच्याकडेही कुणी मोठं यायचं असलं की रकाने असेच भरतात."

मग तिने माझ्याकडे वळून विचारलं,

"तुम्ही लिहिताना दादा बघत होता?"

"बाराला लिहिताना. हो."

"काय म्हणाला?"

हे मला कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. मिलिंद हसून म्हणाला होता, "लिही, लिही. नाडी गेली तर पहिलं तुलाच सांगेन ना."

सुजाताने गॅलरीचा गज धरला.

"सांगितलं होतं ना त्याने," ती म्हणाली. "मुंग्या आल्यात म्हणून."

मी हो म्हणालो.

थोड्या वेळाने ती आत गेली आणि आईला मोठ्याने म्हणाली की हे दादाबरोबर होते, जेवून जातील. मी जेवलो. निघताना तिने पुढच्या वर्षीच्या स्मृतिदिनाची तारीख सांगितली.

तेव्हापासून जातो. चौकात त्या दिवशी माइक असतो, भाषणं असतात. आम्ही तिथे थांबत नाही. घरात सात-आठ माणसं जमतात, मेणबत्ती लावून बुद्धवंदना म्हणतात. मग सुजाता वहीतून दोन ओळी वाचते. नायक मिलिंद तांबे, वय एकतीस. कामावर असताना ट्रकमधून उतरताना गुडघ्याला मार लागला, चौथ्या दिवशी गेला. वाचून झाल्यावर सगळे एक मिनिट उभे राहतात, आई खुर्चीतून उठून.