अक्काचा न पोचलेला निरोप

हे मी अजून कुणाला बोललो नाही — बायकोलाही नाही. येरमाळ्याच्या देवीपुढं हात जोडतो, तिथंही बाकीचंच बोलतो. तुम्ही समोर बसलात, म्हणून जीभ उचलतोय.

जिभेचं म्हणाल, तर ती आमच्या खानदानात मशहूर. आमच्या मुरूम गावात कुणाचं लग्न असो की तेरावं, किस्से सांगायला मला मधे बसवतात. मग त्या दिवशी तिला काय झालं होतं?

अक्का माझी थोरली बहीण. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमो चालू. सोलापूरला मीच न्यायचो. रिपोर्ट दाखवायलाही मीच आत. एकदा बाहेरच्या बाकावर तिनं पदर तोंडाला लावला. "बापू, कमरंखाली लाल चट्टे उठलेत. गजकर्णाच्या मलमानं जाईनात. मला पुरुषमाणसापुढं बोलवत न्हाय. तू तेवढं इचार की."

आत गेलो. तरुण डॉक्टर, शेजारी नर्स. बहिणीच्या कमरेखालचं — कोणत्या तोंडानं बोलायचं? चावट किस्से सांगून मांडव हसवणारा मी... रिपोर्ट दाखवला, ऊन लई वाढलंय म्हणालो, बाहेर आलो.

इथवर नुसता भित्रेपणा. पण अक्कानं विचारलं, "इचारलंस?" आणि मी म्हणालो, "विचारलं की. औषधाची उष्णता आहे म्हणे, सब्जा पी." वर विनोदही केला — दाजींवर काढायचा राग अंगावर उठलाय. ती खळखळून हसली. निर्धास्त झाली.

ती सब्जा पीत राहिली. चट्ट्यांच्या गाठी झाल्या, एक फुटली, तेव्हा कुठं कातडीचा तुकडा तपासला. लिम्फोमा. पहिला पसरला नव्हता — हा कातडीतला, निराळाच कॅन्सर. चट्टे होते तेव्हाच कळतं, तर योग्य मलमावर, प्रकाशाच्या उपचारावर बहुतेक भागलं असतं, असं नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आता रेडिएशन, वर गोळ्या. इतके दिवस दाखवलं का नाही, असं त्यांनी विचारलं, तर अक्का फणकारली, "माझ्या भावानं इचारलं हुतं ओ! त्या डॉक्टरनंच मनावर घेतलं न्हाय."

मी शेजारीच उभा होतो. काय केलं असेल मी? होकाराची मान हलवली.

अक्का आहे. उपचार चालू आहेत. आता घरात ही एक गोष्ट तीच सांगते. भाऊबीजेला ओवाळताना पोरींना म्हणते, "भाऊ असावा तर असा." सगळे त्या डॉक्टरला शिव्या घालतात. मग ती माझ्यापुढं ताट सरकवते, पुरणपोळीवर तूप ओतते.

मी जेवतो. पोटभर जेवतो.