तळघरातला सेन्सर

हॉटेलच्या इमारतीत तापमानाचे सेन्सर जोडून, कुठे किती उकाडा झाला की अलार्म वाजावा हे ठरवायचं काम माझं. कॉम्प्युटरच्या खोलीत जरा उकडलं, तरी माझा स्क्रीन लाल होतो आणि माणसं धावत येतात.

परवा एक सेन्सर उरला, तो मी सहज तळघरातल्या इस्त्रीच्या खोलीत लावला. सुमनताई तिथे चादरींना इस्त्री करत होत्या. मर्यादा मी इतर खोल्यांचीच ठेवली. लगेच अलार्म वाजला आणि मॅनेजरांचा फोन आला. हात गुंतलेले होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"तो सेन्सर काढून टाका. तिथे कोणी बसत नाही."

सुमनताईंनी पदराने मान पुसली आणि त्या हसल्या. "खरंच आहे साहेब. बसायला कुठे मिळतं?"

मला त्यांच्याकडे बघवेना. यंत्रांना किती सोसेल हे मी रोज काळजीने ठरवतो, पण नकाशावरची ही खोली मीही रिकामीच धरली होती.

"इथे माणसं असतात, सर," मी फोनवर म्हणालो. आवाज मात्र हवा तेवढा मोठा निघाला नाही.