रेस जास्त होती

जनूमेस्त्री गेल्याचं टॅक्सीवाल्या सुलेमानने प्रेसवर येऊन सांगितलं. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी चार ओळींची बातमी केली : जुने मोटार मेकॅनिक, वय, मागे पत्नी. त्यात चूक नव्हती. महिना उलटल्यावरही ती अपुरी वाटते.

रत्नागिरीत माळनाक्याजवळ त्यांचं गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर. आमच्या दैनिकाची गठ्ठे वाहणारी गाडी तिथेच दुरुस्त व्हायची, त्यामुळे माझं जाणं-येणं होतं. इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ म्हणजे टायमिंग, हे मला तिथे कळलं. "तुम्हा पेपरवाल्यांसारखंच आहे," मेस्त्री म्हणाले होते. "आधी छापलंत तर खोटं, उशिरा छापलंत तर शिळं."

टायमिंग बघायला त्यांच्याकडे लखलखणारा दिवा होता. पण तो खरं सांगतो ते इंजिन अगदी संथ चालत असतानाच. रेस वाढली की ठिणगी आपोआप लवकर पडू लागते. तेव्हा दिव्यावर विसंबून ती मागे ओढली, तर पुढे चढावर ती उशिरा पडते. गाडीचा दम जातो, इंजिन तापतं. संथ चाल किती, हे मोजायचं यंत्र गॅरेजमध्ये नव्हतं. मेस्त्रींचा कान होता.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी सुलेमान दोनदा म्हणाला होता, "मेस्त्री, रेस जास्त वाटते." मेस्त्री हसून मान हलवायचे. तो होकार आहे, असं आम्ही समजलो…

मग एका सकाळी सुलेमान छातीत दुखणाऱ्या आईला घेऊन संगमेश्वरहून रत्नागिरीकडे निघाला. टायमिंग आदल्याच दिवशी लावलेलं. निवळीच्या घाटात गाडी उकळून बंद पडली. मागून आलेल्या ट्रकने त्यांना इस्पितळात पोचवलं, तोवर बराच वेळ गेला होता. तिसऱ्या दिवशी आई गेली.

गाडी गॅरेजात ओढून आणली, तेव्हा मेस्त्रींनी पुन्हा दिवा लावून पाहिलं. टायमिंगची खूण दिव्यात बरोबर जागेवर दिसत होती. मग त्यांनी मला विचारलं, "रेस जास्त आहे?" मी हो म्हटलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

आई गेली त्या संध्याकाळी ते सुलेमानच्या घरी आले, तेव्हा मी तिथेच होतो. घर माणसांनी भरलेलं. सुलेमान त्यांचा हात धरून हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर बोलले, वेळेत आणली असती तरी भरवसा नव्हता. तुमचा काय दोष नाय." मेस्त्री म्हणाले, "काय बोलतोस ते ऐकायला येत नाय रे मला. वर्ष झालं. सांगायला हवं होतं." मयताच्या घरात कुणाला आवाज चढवता येईना. सुलेमानचं ते वाक्य मेस्त्रींपर्यंत तेव्हा पोचलंच नाही. पुढे सुलेमानने ते मोठ्याने सांगितलं, पण तोवर मेस्त्रींनी आपला निकाल लावून टाकला होता.

गॅरेज बंद राहिलं. दीडेक महिन्याने सुलेमान तीच गाडी घेऊन दारात उभा राहिला. मेस्त्री बॉनेटला हात लावेनात. सुमतीवहिनी आतून आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी ओरडल्या, "मी ऐकते. तुम्ही हात चालवा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तीस वर्षं चुलीपाशी काय ऐकत होते? तुमची गाडी संथ लागली की मी पान वाढायला घ्यायचे."

सुलेमान त्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

मग चार वर्षं त्यांनी असंच काम केलं. बॉनेटच्या एका बाजूला मेस्त्री, समोर वहिनी. वहिनींचा तळहात वर गेला की रेस वाढवायची, खाली आला की उतरवायची, थांबला की थांबायचं. मगच दिवा. एकही गाडी घाटात बंद पडून परत आली नाही. तरी सुलेमानची टॅक्सी निघाली की मेस्त्री ती वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभे राहायचे.

परवा सुलेमानबरोबर गॅरेजवर गेलो. बॉनेट उघडून तो स्वतःच रेसचा स्क्रू फिरवत होता. पदराला हात पुसत वहिनी बाहेर आल्या आणि नेहमीच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"वहिनी, एवढी रेस बस?" त्याने खाली बघतच विचारलं.

समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत त्यांनी तळहात थोडा खाली आणला… आणखी थोडा. उत्तर येईना म्हणून सुलेमानने मान वर केली, तो हात पाहिला आणि रेस उतरवली.