ब्रेकच्या सीलला करडईचं तेल

एका शुक्रवारी दुपारी मी माझ्या लेकीच्या गाडीच्या ब्रेकची रबरी सीलं करडईच्या तेलात भिजत घातली. स्वयंपाकघरातल्या वाटीत, वर झाकण ठेवून, माशी पडू नये म्हणून. ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, एका नातीची आजी झालेली, आणि गॅरेजवाल्याची बायको म्हणून तीस वर्षं काढलेली होते. म्हणजे अजाण होते असं म्हणायचीही सोय नाही. तेव्हाच्या त्या बाईची आठवण आली की वाटतं, तिला समोर बसवावं आणि विचारावं, बाई, भजी तळायची होती का?

आमचं गॅरेज शहागडला, हायवेला लागून. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सगळं नाव ब्रेकच्या कामावर. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी फक्त चहा नेऊन देत होते. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की माझी बोटं बारीक आहेत, आणि मला कॅलिपर धुवायला बसवलं. कॅलिपर म्हणजे चाकातल्या लोखंडी तबकडीला दोन्ही अंगांनी धरणारा चिमटा. आपण पाय दाबला की नळीतलं ब्रेक ऑइल आतल्या पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडला, म्हणजे घासपट्ट्यांना, ढकलतो आणि पॅड तबकडीला आवळतात. आत एका खाचेत रबराची चौकोनी कडांची रिंग असते, तेच सील. ते ऑइल गळू देत नाही. पण त्याचं खरं काम वेगळंच. पिस्टन पुढे सरकला की ते त्याला धरून जरासं पिळवटतं, आणि पाय उचलला की पुन्हा सरळ होत पिस्टनला मागे ओढून घेतं. एवढीशी रिंग, पण चाक धरून ठेवायचं की सोडायचं हे तिच्यावर.

मी या कामाला भ्यायचे. पिस्टन काढायला मागून कॉम्प्रेसरची हवा द्यावी लागते. पहिल्याच दिवशी मी पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवायला विसरले. पिस्टन सुटला तो थेट वरच्या पत्र्याला जाऊन लागला. मी ट्रकच्या टायरमागे जाऊन बसले ते चहा झाला तरी बाहेर येईना. पण शिकले. नखाचा ओरखडा न उमटवता सील खाचेत बसवायला मालकांपेक्षाही बरं शिकले, आणि तिथेच घात झाला. चार लोक "वैनीच्या हाताचं काम" म्हणायला लागले आणि ही बाई फुगली.

लेक याच गॅरेजात पाने-पक्कड खेळत मोठी झाली. संभाजीनगरला कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागली, लग्न झालं, मुलगी झाली. आणि मग तिनं एक जुनी छोटी कार घेतली, मागची सीट उपटून टाकली आणि सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या बाजूला ट्रॅकवर पळवायला लागली. गावातल्या बाया विचारायच्या, "तुमची पोरगी रेस खेळती म्हनं?" मी मान ताठ करून हो म्हणायचे आणि घरी येऊन देवापुढे बसायचे. तिनं एकदा फोनवर ट्रॅकचं चित्रीकरण दाखवलं होतं. सरळ रस्ता संपत आला, वळण समोर आलं, आणि ही ब्रेकच दाबेना. मी फोनवर ओरडले, "दाब की गं!" ती हसून म्हणाली, "आई, आपण रस्त्यावर जिथं दाबतो ना, त्याच्या लई पुढं दाबायचा असतो. ब्रेकवर भरोसा पाह्यजे." तेव्हापासून मला स्वप्नात ते वळण दिसायचं.

त्या शुक्रवारी ती दुपारी गाडी घेऊन आली. नात आठ दिवस आधीच आमच्याकडे येऊन राहिली होती. रविवारी ट्रॅक होता आणि पुढच्या दोन्ही कॅलिपरची सीलं बदलायची होती. मालक नेमके नणंदेच्या वास्तुशांतीला धावड्याला गेलेले. लेक रातपाळी करून आली होती. कॅलिपर खोलून टेबलावर ठेवेपर्यंत तिचे डोळे मिटायला लागले.

"तू पड," मी म्हटलं. "मी करते."

"बाबा येऊ दे ना."

"का? बाबाचे हात सोन्याचे आहेत का? तुझ्या जन्माच्या आधीपासून करून राह्यले मी हे."

ती झोपली. मी पिस्टन काढले, ठोकळा ठेवून काढले हं, खाचा साफ केल्या, सगळं स्पिरिटनं धुतलं. सील बसवताना त्याला रबराचं लाल ग्रीस लावायचं किंवा ताज्या ब्रेक ऑइलचं बोट फिरवायचं, दुसरं काही नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. ग्रीसचा डबा उघडला तर तळाशी खरवडायलाही काही नाही. लेकीनं आणलेला ब्रेक ऑइलचा डबा सीलबंद होता. तो उघडायला काय हरकत होती? पण मला एक अर्धवट अक्कल होती, की उघडलेला डबा हवेतली ओल ओढतो. म्हणून ठरवलं, तो संध्याकाळीच उघडू. लेकीला उठवून विचारता आलं असतं. मालकांना फोन करता आला असता. पण फोन केला असता तर ते म्हणाले असते, "थांब, मी येतो." आणि मला तेच ऐकायचं नव्हतं.

मग स्वयंपाकघरात माझी नजर गेली कुकरवर. कुकरची रिंग कडक झाली की आम्ही काय करतो? तेलाचं बोट फिरवतो. किती वर्षं फिरवतोय, आणि रिंग कशी मऊ राहते, वाफेला दाद देत नाही. तीही रबर, हेही रबर. तीही तापते, हेही तापतं. आणि जे तेल आपल्या पोटाला चालतं ते रबराला न चालायला काय झालं? असा सगळा विचार करून ती शहाणी बाई बाटली घेऊन आली. नुसतं बोट फिरवून समाधान होईना, म्हणून सीलं चांगली दीड तास बुडवून ठेवली. दोन चाकांची दोन आणि मालकांनी जास्तीचं आणून ठेवलेलं एक, न जाणो एखादं फाटलं तर. तिसरं लागलं नाही. ते वाटीतच राहिलं.

संध्याकाळी लेक उठली. ती गाडीत बसली आणि मी चाकाशी, नळीतली हवा काढायला. "दाब." "दाबला." "धर." "धरला." "सोड." पेडल दगडासारखं घट्ट लागलं. तिनं खाली उतरून माझ्या पाठीवर थाप मारली. शनिवारी सकाळी ती निघून गेली.

रविवारी नऊच्या सुमाराला नातीला खीर द्यायला मी वाटी शोधत होते. एका वाटीवर झाकण होतं. उघडलं, तर आत ते तिसरं सील. उचललं तर बोटांना बुळबुळीत आणि जाड लागलं. मला वाटलं, भास असेल. तशीच गॅरेजात गेले, तिथं टेबलावर त्याच मापाचा एक भंगारातला पिस्टन पडून होता. शुक्रवारी मी हेच सील कोरडं असताना त्यावर चढवून पाहिलं होतं, तेव्हा ताणून बसवावं लागलं होतं. आता ते पिस्टनवरून बांगडीसारखं सुळकन घसरून टेबलावर पडलं.

ते फुगलं होतं. वाटीत फुगायला जागा होती म्हणून सैल झालं. पण गाडीत ते लोखंडाच्या खाचेत बसलंय. तिथं फुगलं तर जाणार कुठं? पिस्टनलाच आवळणार. मग पाय उचलला तरी पिस्टन मागे येणार नाही, पॅड तबकडीला घासत राहणार, तबकडी तापणार, तापली की सील आणखी फुगणार. आणि तो ब्रेक माझी लेक त्या वळणाच्या अगदी जवळ जाऊन दाबणार. भरोसा ठेवून.

मी काय केलं? वाटी धुतली. राखेनं धुतली, साबणानं धुतली. रिंग पदराच्या टोकाला गाठीत बांधली. मनाला समजावत राहिले, की ते दोन दिवस भिजलं, तिची दोन फक्त दीड तास. पुण्याकडे गेली ती नीट पोचली ना? रात्री फोन आला होता ना, सकाळी पोरगी उठली की फोन लाव म्हणाली ना? काही होत नाही. नात म्हणाली, "आजी, ती काळी बांगडी मला दे." मी तिला कडेवर घेतलं आणि देवापुढे उभी राहिले. हात जोडायला गेले तर हाताला करडईचा वास येत होता.

एवढ्यात मालक धावड्याहून आले. पाणी दिलं. ते पाणी पिता पिता माझ्याकडे बघत राहिले.

"पदराला तेल कशाचं?"

"फोडणीचं."

"फोडणी गाठीत बांधतेत काय?"

मी गाठ सोडली. त्यांनी रिंग दोन बोटांत दाबली, नाकाशी नेली.

"करडई," म्हणाले. मग विचारलं, "दोन्ही चाकाला?"

"दोन्ही."

ते स्टुलावर बसले. तीस वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "फोन लाव. जल्दी."

लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मालक म्हणाले, गाडीत बसताना फोन बाहेर ठेवावा लागतो. सोबत तिची कारखान्यातली एक मैत्रीण गेली होती, तिचा नंबर आमच्याकडे नव्हता. जावयाला विचारलं तर त्यांच्याकडेही नव्हता, आणि का विचारता, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी सहज म्हटलं. सहज! दर दोन मिनिटांनी मी बटण दाबत होते. मालक स्टुलावर बसूनच होते, पण त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता. पंजा इतका घट्ट रोवलेला की चपलेचा पट्टा ताणला गेला होता. मी बघत होते आणि मला म्हणवत नव्हतं की अहो, इथून दाबून काय होणार.

साडेदहाच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून, म्हणजे त्या मैत्रिणीच्या, फोन आला.

"आई, मी ठीक आहे. आधी ऐकून घे, मी ठीक आहे."

दोनदा म्हणाली म्हणून मी फोन कानापासून दूर धरला. फोन मालकांनी घेतला आणि मोठा आवाज लावला. दुसऱ्या फेरीलाच तिला जळका वास आला होता. पुढच्या वळणानंतर ट्रॅक सोडून आत थांबावं असं ठरवलं, आणि त्याच वळणाला पेडल थेट तळाला गेलं. घासून घासून चाक इतकं तापलं होतं की आतलं ऑइल उकळलं. तिनं पेडल भराभर मारलं, गिअर खाली टाकले, आणि गाडी वळणाबाहेरच्या वाळूत शिरली. टायरांच्या भिंतीच्या हातभर अलीकडे थांबली. उजव्या चाकातून धूर निघत होता.

"हाडबिड?" मालकांनी विचारलं.

"काहीच न्हाई, बाबा. बिलकुल न्हाई."

सोमवारी मालकांच्या ओळखीचा एक टेम्पोवाला गाडी घेऊन आला, शेजारी लेक बसलेली. ती उतरली, आधी पोरीला उचलून घेतलं, बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग चहासुद्धा न घेता उजवं चाक काढलं. तबकडी निळी पडली होती. कॅलिपर खोलला तर पिस्टन हलेना, हवा दिली तरी हलेना. शेवटी निघाला तेव्हा तळणाचा वास आला. फुगलेलं सील तिनं सळईच्या टोकावर माझ्यासमोर धरलं.

"आई, यात मोहरी टाकायची राह्यली गं."

मी सगळं सांगितलं. कुकर, वाटी, दीड तास. ती हसायला लागली, मालकही हसले, आणि मला वाटलं, सुटले. हसता हसताच तिनं विचारलं, "पण तुला कळलं कधी?"

"काल. नऊला. तिसरी रिंग पाह्यली तेव्हा."

"आणि फोन?"

मी मालकांकडे पाहिलं. ते तबकडी पुसत होते, पुसून झालेली तबकडी पुन्हा पुसत होते.

"साडेनऊला," मी म्हटलं. "यांना काय सांगू, तुला काय सांगू, असं झालं मला. लाज वाटली गं."

तिनं सळई टेबलावर ठेवली. हात पुसले. आणि अगदी हळू, मला लागू नये म्हणून जपून म्हणाली,

"तेलाचं जाऊ दे आई, तेल लावताना तुला माहीत नव्हतं. पण काल सव्वानऊपर्यंत फोन माझ्या हातातच होता. लेकराचा आवाज ऐकून मंग गाडीत बसावं म्हणून तुझ्याच फोनची वाट पाहून राह्यले होते मी."