अध्यक्षपदाला उभी राहिलेली बाई

उर्मिलाबाईंनी रंगभूमीवर उभं आयुष्य नायिकेच्या मैत्रिणीचं काम केलं. नायिका रडू लागली की पदर पुढे करायचा आणि विंगेत जायचं. म्हणून आखातात, अल ऐनला मुलाकडे राहायला आल्यावर, इथल्या मराठी ज्येष्ठांच्या गटात त्यांनी जाहीर केलं, "यंदा अध्यक्षपदाला मी उभी राहणार." दरवर्षी सगळ्यांचे हात वर होऊन बिनविरोध निवडून येणारे चारुदत्तराव हसले.

"वहिनी, तुम्ही आपली नांदी म्हणा. छान म्हणता."

पुढच्याच आठवड्यात सून मैथिलीने गटावर निरोप टाकला : 'शनिवारी आमच्याकडे माहितीपट, अध्यक्षपदाला उभी राहिलेली बाई. नंतर आपली निवडणूक.'

उर्मिलाबाईंच्या काळजात तिसरी घंटा झाली. नात शुभ्रा सदा मोबाइल रोखून असायची. म्हणजे मायलेकींनी गुपचूप आपल्यावरच चित्रपट काढला तर! त्यांनी कुणाला विचारलं नाही. पैठणी काढली, पावडर थापली, आभाराचं भाषण पाठ केलं आणि शनिवारी पुढची मधली खुर्ची अडवली.

दिवे मालवले. पडद्यावर चष्मा लावलेली, ताठ मानेची एक कृष्णवर्णीय बाई भाषण करू लागली.

उर्मिलाबाई शुभ्राच्या कानाशी कुजबुजल्या. कुजबूज नाटकातली, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली. "काम छान करते गं. पण माझं काम मलाच का नाही दिलं?"

"आजी! दॅट्स नॉट यू! शी रॅन फॉर प्रेसिडेंट. अमेरिकेची!"

एवढा हशा त्यांना सगळ्या नाटकांत मिळून मिळाला नव्हता. सवयीने मान लववून त्यांनी तो घेतला. अंधार होता म्हणून बरं.

मग त्या बघत राहिल्या. त्या बाईलाही लोक हसत होते. जिंकणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी ती मंचाच्या मधोमध उभी होती. कुणाची मैत्रीण म्हणून नव्हे.

दिवे लागताच चारुदत्तराव उठले. "चला, खलास! अध्यक्ष मीच ना? यल्ला, चहा आणा."

"मी उभी आहे," उर्मिलाबाई बसूनच म्हणाल्या. लक्षात आल्यावर उठल्या, तर पदर अडकून खुर्चीही उठली. भाषण एकच पाठ होतं, आभाराचं, तेच ठोकलं. 'माझ्यावर चित्रपट काढलात' एवढं वाक्य गाळलं.

ज्येष्ठांचे हात वर झाले आणि उर्मिलाबाई सपशेल आपटल्या. स्वतःचा हात सोडला तर त्यांच्या बाजूने एकच, चारुदत्तरावांच्या बायकोचा, विनिताबाईंचा.

"अगं, चुकून वर केलास का?" चारुदत्तरावांनी विचारलं.

"चुकून तुमच्यासाठी करत होते, इतकी वर्षं."

विनिताबाईंचा हात अजून वरच होता. उर्मिलाबाईंनी सवयीने पदर पुढे केला, पण या खेपेला पुसायचे डोळे त्यांचे स्वतःचेच निघाले, आणि सगळी पावडर पैठणीवर उतरली.