डॉक्टरांची लाकडी खाण

हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. आयुष्यभर मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. दुसऱ्यांच्या वाक्यांतील दोष दाखवण्याची सवय जडली की स्वतःचे वाक्य लिहिण्याची भीती वाटू लागते, ती मला आजही वाटते. शिवाय डॉक्टरांना माझ्याहून अधिक ओळखणारी माणसे धुळ्यात घरोघर आहेत; आमच्या निम्म्या देवपूर भागाचे जबडे त्यांनी आतून पाहिलेले होते. पण वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, म्हणाल्या, “बाकीचं कुणीही लिहील सर, खाणीबद्दल मात्र तुम्हीच लिहा.” म्हणून लिहितो आहे, आणि शक्यतो खाणीपुरतेच लिहितो आहे.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी माझ्या टेबलाशी बसून एक लाकडी पट्टी उभी चिरत होतो. “सर, तुमचे डॉक्टर पहाटे गेले,” एवढेच त्या म्हणाल्या. मी “हो” म्हणालो. मग हातातली पट्टी पूर्ण चिरली, दोन्ही तुकडे डबीत ठेवले, आणि चपला घालून निघालो. त्या क्षणी मी ते काम का पुरे केले, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही… कदाचित अर्धवट चिरलेली पट्टी पुढे वाकडी होते, हे डॉक्टरांनीच शिकवले होते म्हणून असेल.

डॉक्टर दातांचे डॉक्टर होते. उंच, गोरे, बोलण्याची विलक्षण हौस. “चाळीस वर्षं मी एकाही वादात हरलो नाही,” ते सांगत, “कारण समोरच्याच्या तोंडात कायम माझा हात असायचा.” तोच हात पुढे थरथरू लागला. एके दिवशी खुर्चीत बसलेल्या रुग्णाला सुई देण्यापूर्वी त्यांनी स्वतःच ती सुई खाली ठेवली, त्या गृहस्थांना आपल्याहून तरुण अशा एका दंतवैद्याकडे पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी काढली. कंपवात होता. त्यानंतर त्यांनी कुठलेही हत्यार हातात धरले नाही. पाहुण्यांसमोर ते चहाचा कपसुद्धा उचलत नसत. कप निवत राही आणि डॉक्टर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून गप्पा मारीत राहत. वहिनींना या गोष्टीचे फार वाईट वाटे. “बोलणं पहिल्यासारखंच आहे हो,” त्या मला एकदा दारात थांबवून म्हणाल्या, “पण हात असे लपवतात, जणू कुणाचे चोरून आणलेत.”

दवाखान्याची खोली रिकामी झाली, तिथे त्यांनी आपली रेल्वे मांडली. तरुणपणापासून जमवलेली ती छोटी रेल्वे होती: बोटभर उंचीचे डबे, विजेवर धावणारे इंजिन, दोन पलंगांएवढ्या फळीवर फिरणारे रूळ, एक स्थानक, एक पूल आणि कापसाचा एक जिनिंग कारखाना. माझी कवळी सैल झाली होती म्हणून सल्ला विचारायला मी गेलो, तर त्यांनी मला कवळीऐवजी गाडी दाखवली. गाडी तीन-चार वेळा गोल फिरली. मी शिष्टाचार म्हणून म्हणालो, “छान आहे.”

“काही छान नाही,” डॉक्टर म्हणाले. “नुसती गोल फिरणारी गाडी म्हणजे जत्रेतला पाळणा. तिला काहीतरी आणायला पाठवलं पाहिजे.”

मग त्यांनी खाणीची गोष्ट काढली. त्यांचे बालपण शिंदखेड्याचे. घर स्थानकापासून जवळ. कोळशाच्या मालगाड्या जाताना ते बांधावर उभे राहून डबे मोजत. हा कोळसा येतो कुठून, असे त्यांनी वडिलांना विचारले, तेव्हा वडील म्हणाले, “जमिनीतून.” शेतकऱ्याच्या मुलाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला; कित्येक वर्षे त्यांची समजूत अशी होती की भुईमूग उपटतात तसा कोळसाही झाडासकट उपटत असतील. पुढे जुन्या खाणींची छायाचित्रे पाहण्यात आली: लाकडी खांबांचा उंच मनोरा, त्याच्या माथ्यावर दोर ओढणारे चाक, शेजारी कोळसा साठवण्याची फळ्यांची कोठी, आणि कोठीच्या पोटातून खालच्या डब्यात कोळसा सोडणारी उतरती घसरण. अशी खाण आपल्या रेल्वेला असावी, आणि गाडीने तिथून कोळसा भरून आणलेला आपण पाहावा, एवढी त्यांची इच्छा होती. “मान आणि डोळे अजून माझं ऐकतात, सर. ते ऐकतायत तोवर झालं पाहिजे,” ते म्हणाले. आणि मग, “तुमचा हात थरथरत नाही.”

“पण त्याला काही येतही नाही,” मी म्हणालो. ते खरेच होते. घरात खिळा ठोकायलाही मी शेजाऱ्यांना बोलावीत असे.

“ते शिकवता येतं. माझ्या हाताला आता शिकवता येत नाही.”

अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी माझे सुतारकाम सुरू झाले. सामान डॉक्टरांनी आधीच योजून ठेवले होते. फळ्यांसाठी रुग्णाची जीभ दाबून धरायच्या लाकडी पट्ट्या. दवाखान्यात त्यांची खोकी उरली होती. खडकासाठी दातांचे साचे करायचे प्लॅस्टर. आणि मनोऱ्याच्या खांबांसाठी पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या कपाशीच्या वाळक्या काठ्या. साल काढलेली बारीक पऱ्हाटी हुबेहूब तासलेल्या ओंडक्यासारखी दिसते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्यांचे थोरले बंधू आबा शिंदखेड्याहून पऱ्हाट्यांची मोळी घेऊन आले आणि खुर्चीवर टेकत अहिराणीत म्हणाले, “बठ्ठं गाव ह्या चुलामा घालस, नि तू त्यास्ना बंगला बांधी ऱ्हायना.”

“बंगला नाही आबा, खाण.”

“दात उपटी-उपटी तुले खंदानी सवय लागनी,” आबा म्हणाले, आणि चहा सांगितला.

मी चिरत असे, जोडत असे. डॉक्टर हात खिशात घालून शेजारी उभे राहत आणि क्रिकेटचे समालोचन करावे तसे बोलत. बोट कापले तर म्हणत, “रक्त पुसा, लाकडाला डाग पडेल.” पावसाळा सरता सरता कोठीची पहिली भिंत उभी राहिली. मी पट्टीने मोजून, काटकोन तपासून एकेक फळी बसवली होती. मला, खरे सांगतो, अभिमान वाटला. डॉक्टरांनी हात खिशातच ठेवून, वाकून ती भिंत बराच वेळ पाहिली.

“सर, अतिशय सुंदर झालंय,” ते म्हणाले. “तहसील कचेरीतलं कपाट वाटतंय.”

खाण जुनी दिसायला हवी होती. ऊन-पाऊस खाल्लेली, घाईघाईने डागडुजी केलेली, कुठे फळी सरकलेली, कुठे चिरफळलेली. मी भिंत उकलली आणि पुन्हा बसवली, या वेळी मुद्दाम वाकडी. डॉक्टरांनी डोळ्यांनीच फळ्या मोजल्या. मग म्हणाले, “दर तिसरी फळी वाकडी आहे.” मी पाहिले, तसेच होते. “तर्कशास्त्राचा माणूस वाकडंही नियमानं करतो,” ते म्हणाले आणि खो-खो हसले. तारेच्या ब्रशाने लाकडावर ओरखडे काढून ते झिजल्यासारखे करायचे असते. माझे ओरखडेसुद्धा आखीव वहीसारखे समांतर येत. आणखी दोन भिंती अशाच वाया गेल्या. डॉक्टरांचा आवाज त्या सुमारास थोडा बसू लागला होता; काम पुढे सरकत नाही हे आम्हा दोघांनाही दिसत होते.

वहिनी दाराशी मेथी निवडीत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “मग तुम्हीच का नाही करत? तुमच्या हाताला कुठे सरळ येतं?”

डॉक्टरांसमोर त्या हातांचा उल्लेख त्यापूर्वी दुसऱ्या कुणी केला नव्हता. मी खाली पाहू लागलो… वहिनींचे हातही जुडीवर थांबले होते. बोलून गेल्यावर त्यांनाच भीती वाटली असावी. डॉक्टर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटले, ते वर चढत ओठांवर आले, आणि त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. “सर, तो ब्रश इकडे द्या.”

हात थरथरतच होता. ब्रश लाकडाला लागे, सुटे, पुन्हा भलतीकडे लागे. एक ओरखडा खोल, दुसरा नुसता स्पर्श, तिसरा फळीच्या कडेचा टवका काढणारा. पुढे त्यांनी त्यावर कोरा चहा फासला आणि गंजके खिळे भिजवलेले व्हिनेगर वरून लावले. पिवळी पट्टी आमच्या डोळ्यांदेखत करडी, मग काळसर होत गेली. हातभर लांबीची ती भिंत पन्नास पावसाळे पाहिल्यासारखी दिसू लागली. डॉक्टर ती उजेडात धरून म्हणाले, “बघा. याला प्रॅक्टिस लागते.”

त्या दिवशी पाहुणे म्हणून मीच होतो, आणि माझ्यासमोर त्यांनी चहाचा कप उचलला. थोडा बशीत सांडला. बशीतला ते भुरकून प्यायले.

त्यानंतरचे महिने मी कापायचे आणि त्यांनी म्हातारे करायचे, अशी वाटणी झाली. मनोरा उभा राहिला, चाक बसले, घसरण लागली. आबा पुन्हा आले तेव्हा खांबावर बोट फिरवत त्यांनी विचारले, “हाई लाकूड कितलं जुनं शे?” डॉक्टर म्हणाले, “औंदानंच शे आबा, तुन्हाच वावरनं.” आबांनी खांबाशी वाकून पुन्हा एकदा पाहिले, आणि या वेळी चेष्टा केली नाही. पऱ्हाट्यांचाच कोळसा कुटून कोठीत भरला. गाडीची कळ वहिनींनी फिरवली, मी घसरणीचे झाकण उचलले, आणि मूठभर कोळसा सळसळत डब्यांत पडला. गाडी पूल ओलांडून स्थानकात आली. डॉक्टर खुर्ची ओढून रुळांच्या पातळीला डोळे आणून बसले होते. “आली,” ते म्हणाले.

उरलेला हिवाळाभर रोज संध्याकाळी गाडी कोळसा आणीत होती. शिमग्याच्या सुमारास ते पडले, मग छातीत कफ झाला, आणि मग वहिनींचा तो फोन.

तेरावा झाल्यावर मी त्या खोलीत गेलो. दातांच्या खुर्चीवरचा मोठा दिवा अजून खाणीवरच वळवलेला आहे. संध्याकाळी वहिनी गाडी सोडतात. सून हसते, पण चहा घेऊन तीही बघायला येते, असे त्या म्हणाल्या. खाणीची मागची भिंत मात्र राहून गेली आहे. ती बाजू समोरून दिसत नाही म्हणून आम्ही शेवटी ठेवली होती; फळ्या मी बसवल्या होत्या. ब्रश फिरवण्यापूर्वीच डॉक्टर पडले. तीन बाजूंनी काळवंडलेल्या त्या कोठीची चौथी बाजू पिवळीधमक, नवी कोरी आहे.

आबांचे म्हणणे, ती तशीच राहू द्यावी; त्याचा हात कुठपर्यंत पोचला ते दिसत राहील. वहिनी म्हणतात, “अर्धं काम त्यांना कधी खपलं नाही. तुम्ही करा सर.” मी घरी सुट्या पट्ट्यांवर सराव करतो आहे. बरेच दिवस माझे ओरखडे समांतरच येत होते. परवा एक पट्टी चहा लावून वाळत ठेवली आणि सकाळी उजेडात पाहिली, तर ती कुठल्याशा जुन्या दाराची वाटली. ती माझ्याच हातची आहे यावर क्षणभर विश्वास बसला नाही. ती वहिनींना दाखवली. त्यांनी बोट फिरवून पाहिले आणि डॉक्टरांचा ब्रश माझ्या हातात दिला. तो ब्रश आता माझ्या टेबलावर आहे. उद्या संध्याकाळी मी तिकडे जाणार आहे, आणि अजून माझे ठरलेले नाही.

तुम्ही माझ्या जागी असता, तर ती भिंत जुनी केली असती, की कोरीच ठेवली असती?