कुंभारीच्या पुढं काटा पडतो

गुरुसिद्धप्पा मिस्त्रीचं आयुष्य इंजिनाच्या सोबतीत गेलं. आधी गिरणीच्या इंजिनघरात तेलाची बुधली घेऊन फिरला, पुढे सोलापुरात मोटारी वाढल्या तेव्हा अक्कलकोट रस्त्याला पत्र्याखाली स्वतःचं दुकान मांडलं. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि हातात लाकडी दांडा. दांड्याचं एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून ऐकत बसायचं. लोक म्हणत, मिस्त्रीला बायकोची हाक ऐकू येत नाही, पण इंजिनाचा खोकला वेशीपलीकडून कळतो. बाहेरचं सगळं तपासल्याशिवाय इंजिनाचं पोट उघडायचं नाही, हा त्याचा नेम. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता असं नाही. होता, चांगला होता. फक्त भूत इंजिनात शिरतं हे त्याला पटत नसे. शंकरप्पांच्या गाडीनं तेही डळमळीत केलं.

शंकरप्पा सुताचे व्यापारी. त्यांचा एकुलता मुलगा सिद्धाराम उन्हाळ्यात गेला. अक्कलकोटहून एकटाच येत होता. कुंभारीच्या पुढे एक मोठा कडुलिंब आहे, त्याच्या सावलीला त्यानं गाडी लावली आणि स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून तसाच बसून राहिला. माणसं पोचली तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं. इंजिन मात्र चालू होतं.

पुढे गाडीला खोड लागली. सोलापुरातून निघताना तेलाच्या दाबाचा काटा ताठ असे. कुंभारी मागे पडली की थरथरायला लागे आणि त्या लिंबाशी शून्यावर येई. तेलाचा दाब गेला की इंजिन जळतं, म्हणून शंकरप्पांचा ज्ञानू ड्रायव्हर गाडी थांबवून इंजिन बंद करी. एक विडी ओढून होईपर्यंत थांबलं की काटा पुन्हा जागेवर. दर खेपेला तेच झाड. पोरगं बापाला अडवतंय, अशी पेठेत बोलवा झाली. मग कुणी देवऋषी बोलला की घरातलंच कुणीतरी त्याला सुटू देत नाही. घरात परकी कोण, तर सून निंगव्वा, सिद्धारामच्या माघारी पदरात एक लेकरू घेऊन राहिलेली. झालं, सगळ्यांची बोटं त्या पोरीकडे वळली. असल्या कामाला बोटं कमी पडत नाहीत. शंकरप्पांनी मिस्त्रीला सांगितलं, गाडीत दोष सापडला तर बरं, नाहीतर अमावस्येच्या आत सुनेला माहेरी धाडतो. लेकरू आमच्या घराण्याचं, ते इथंच राहील.

मिस्त्रीनं काटा बदलून पाहिला, तेल बदललं, नळी फुंकून पाहिली. मग भरदुपारी एकटाच गाडी घेऊन निघाला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुंभारी गेली आणि काटा थरथरला. लिंबाशी तो असा खाली आला, जसा कुणी बोटानं दाबून धरावा. मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. झाडाचं पान हलत नव्हतं. एवढ्यात मागच्या शीटाची स्प्रिंग करकरली, माणूस टेकल्यावर करकरते तशी. त्यानं वळून पाहिलं नाही. शिव शिव म्हणत तो समोरच्या काचेकडे बघत राहिला आणि घामानं त्याची बंडी पाठीला चिकटली. काही वेळानं इंजिन सुरू केलं, तर काटा ताठ. परतीच्या वाटेवर त्यानं एकदाही मान वळवली नाही.

दुकानात आल्यावर मात्र डोकं चालू लागलं. बेअरिंग ढिलं असतं तर घटकाभर थांबून काटा वर आला नसता. पंप गेला असता तर घरापासूनच पडला असता. म्हणजे तेलातून काहीतरी वाहत येतं, पंपाच्या तोंडच्या जाळीला चिकटतं, आणि इंजिन थांबलं की सुटून तळाशी बसतं. तेवढं चिकटायला कुंभारीपुढचं अंतर पुरतं. त्यानं इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवला.

तळाशी काळी माती होती. मातीत बेलाच्या पानांचा चुरा आणि विभूतीचे पांढरे खडे. मिस्त्री उकिडवाच बसून राहिला. लिंगायतांत मयताला जाळत नाहीत, बसवून पुरतात, वर विभूती आणि बेल वाहतात. सिद्धारामच्या समाधीत त्यानं स्वतः मूठमाती दिली होती. हीच ती माती.

त्याला धडकी भरली ती भुताची नव्हे. हे उघड झालं तर लोक सरळ म्हणणार, सुनेनं करणी केली. दोष सापडला तरी तिचं मरण, न सापडला तरी तिचंच. समाधीची माती उकिरड्यावर टाकायची कशी, म्हणून त्यानं ती एका डब्यात भरली, डबा मागच्या शीटाखाली ठेवला आणि जाळी धुऊन चेंबर पुन्हा बसवला. काय सांगायचं ते ठरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकरप्पा आले. सुनेला सकाळीच छकड्यातून माहेरी धाडलं, म्हणाले; उगाच वाट कशाला बघायची. मिस्त्री एवढंच बोलला, "बसा मालक, गाडी दावतो."

कुंभारी मागे पडली. शंकरप्पांचे डोळे काट्यावर खिळलेले. लिंब आला, सावली अंगावरून गेली, काटा ताठच. गाडी झाड मागे टाकून निघाली तेव्हा शंकरप्पांचा चेहरा उतरला. सुटका झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"माती काढलीस व्हय?" ते हळूच म्हणाले.

मिस्त्रीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

मग सगळं बाहेर आलं. दर सोमवारी समाधीवरून येताना शंकरप्पा मूठभर माती आणत आणि तेलाच्या तोंडातून आत सोडत. गाडी पोराची लाडकी, पोरानं गाडीत राहावं, एवढंच त्यांच्या मनात. काटा पडला नाही तेव्हा माती गेली आणि पोरगंही गेलं, असं त्यांना वाटलं; मातीच जाळीत अडकून काटा पाडते हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मिस्त्रीनं जाळीचं सगळं समजावलं, आणि शेवटी म्हणाला, "माती अजून गाडीतच हाय, मालक. शीटाखाली. तरी काटा पडला न्हाय."

शंकरप्पा म्हणाले, छकडा वळसंगच्या पुढं गेला नसेल, गाडी पळव.

वळसंगच्या अलीकडेच छकडा दिसला. मागून मोटार येताना पाहून निंगव्वा उठून उभी राहिली. लिंबाशी थांबणारी गाडी आज इथवर आलेली पाहून ती पांढरीफटक पडली. शंकरप्पा खाली उतरले, तर तिनंच आधी विचारलं, "त्यांनी सोडलं व्हय मला, मामा?"

"त्यो न्हवताच, पोरी," शंकरप्पा म्हणाले. "मी हुतो."

निंगव्वाला काय कळलं, किती कळलं, कोण जाणे. ती छकड्यातून उतरली आणि लेकरानं सकाळपासून काही खाल्लं का, एवढंच तिनं विचारलं. शंकरप्पांना ते माहीत नव्हतं.